मुरायला ठेवलेला रंग

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहून चामड्याच्या एका तुकड्याला फसवत होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. तुकडा हातात धरायचा, मान पलीकडे वळवून डोळे मिटायचे आणि मग एकदम वळून त्याच्याकडे बघायचं, जणू तो बेसावध असताना त्याला पकडायचं होतं. मग सावलीत जाऊन तेच. मग पुन्हा उन्हात. मी त्याच दिवशी त्या इमारतीत राहायला आले होते आणि खिडकीतून सामान उतरवणाऱ्यांवर नजर ठेवून होते. माझं कपाट जिन्याच्या कठड्याला करकरून घासलं तरी माझं लक्ष तिकडे गेलं नाही. मनात म्हटलं, झालं, शेजार वेडा मिळाला.

शेजार म्हणजे माझ्या पायाखालचाच मजला. तिथे त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत घर. गाड्यांच्या झिजलेल्या चामडी सीटा पुन्हा बसण्यासारख्या करून द्यायच्या, हा धंदा. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. उंच, रुंद खांद्यांचे, आणि आवाज असा की ते खाली कुणाला सुई मागत तर मी वर दचकून सुई शोधू लागे. ती त्यांच्या खांद्याला कशीबशी लागणारी, बारीक, कमी बोलणारी. कानामागे खडू खोचलेला. तिला गल्लीत खुंटीकाकू म्हणत. हे नाव समोरच्या टायरवाल्याने ठेवलेलं.

"भिंतीत ठोकलेली खुंटी आणि आमच्या काकू, दोघी जागच्या हलत नाहीत," तो मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. "बहिणीच्या घरी गेल्या, तर संध्याकाळी परत. डोळ्याचं ऑपरेशन झालं मावशीचं, तर दवाखान्यात सकाळी फुलं आणि दुपारी काकू दुकानात. मिस्त्रींना सोडून राहवतच नाही त्यांना!"

मिस्त्रींना हे फार आवडे. ते मोठ्याने हसत, मिशीवरून हात फिरवत आणि म्हणत, "काय करणार बाई, सवय लावून ठेवलीय."

ती त्या वेळी खाली बघून शिवण उसवत असे.

काही दिवसांतच माझं वेडेपणाचं मत बदललं. मला रिकामपण होतं आणि त्यांच्याकडे एक जादा स्टूल होतं. मी तिथे बसू लागले. चाळीस मुलांच्या वर्गाला आयुष्यभर 'नीट बस' म्हणत आलेल्या बाईला, माणसं गाडीत कशी बसतात हे तिथे कळलं. ड्रायव्हरची सीट नेहमी दाराकडच्या बाजूने आधी जाते, कारण उतरताना माणूस तिच्यावरून घसरतो. कुणाच्या खिशातल्या किल्ल्यांनी भोक पाडलेलं, कुणाच्या कुत्र्याने कोपरा चघळलेला, कुणी घामट मानेने डोक्यामागची उशी काळी केलेली. मिस्त्री सीट लोखंडी स्टँडवर उलटी ठेवून उलगडत. आतला चपटा झालेला फोम काढून नवा भरत, फाटलेल्या जागी आतून चामड्याचं ठिगळ चिकटवत, आणि मग वाकड्या सुईने जुन्याच भोकांतून शिवत जात. नवं भोक पाडणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. मी, जन्मात कधी सरळ टाका न आलेली बाई, त्यांची शिवण बघत बसे. ती फेसाने आणि मऊ ब्रशने मळ काढी, भेगांमध्ये पातळ पात्याने लांबीचा लगदा भरी, बारीक कागदाने घासून जागा गुळगुळीत करी. मग शेवटी रंग.

रंग मिस्त्रींचा. दूरदूरून माणसं त्यासाठी येत. जुन्या गाडीच्या सीटेखालच्या पट्टीवर, जिथे ऊन कधी पोचलेलं नसतं, तिथला मूळ रंग बघून तसाच्या तसा रंग कालवायचा, ही त्यांची ख्याती. बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर पार पुसट झालेली चिठ्ठी. मिस्त्री इकडून थोडं, तिकडून थोडं घेत, काठीने ढवळत, डबा झाकत आणि जाहीर करत, "आता मुरू दे!"

रंग कालवल्यावर लगेच लावायचा नाही, झाकून मुरायला ठेवायचा, आणि तोवर कालवणाऱ्याने त्याच्या आसपासही फिरकायचं नाही, हा त्यांच्या दुकानाचा नियम होता. तेवढ्यात मिस्त्री कोपऱ्यावर चहाला जात आणि तासभर गप्पा ठोकून येत. "रंग आणि नवी सून, दोघांना जरा एकटं सोडावं," असं ते सांगत. त्यांचं बघून गल्लीतले गाड्या रंगवणारे दोघंही आपले डबे झाकून चहाला जाऊ लागले होते. टायरवाल्याला काही रंगवायचं नसे, पण तोही जाई.

त्यांना एकच मुलगी. लग्न होऊन लांबच्या शहरात. तिला पहिलं मूल झालं तेव्हा बाळंतपण अवघड गेलं होतं, जावई कामानिमित्त सतत फिरतीवर, आणि मुलगी एकटी. आई सकाळच्या गाडीने गेली, नातवाला मांडीवर घेतलं, आणि रात्रीच्या गाडीने परत आली. दुकानात त्या आठवड्यात तीन गाड्या होत्या. मुलगी तेव्हा एवढंच म्हणाली होती, "आई, तुझं खरं लेकरू दुकानात स्टँडवर उलटं ठेवलेलं असतं." त्यानंतर तिचे फोन येत ते बापाला. आईशी बोलणं म्हणजे 'बरी आहेस ना' आणि 'ठेवते'.

हे मला तिनेच सांगितलं, लांबी भरता भरता, एखाद्या तिसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तसं. मी म्हटलं, "मग राहायचं होतंस ना महिनाभर. मिस्त्री काय कुक्कुलं बाळ आहेत?"

"नाही जमत बाई," ती म्हणाली, आणि पातं पुसत उठून गेली.

मला तिचा राग आला होता. नवऱ्यात एवढं काय गुंतायचं, की पोटच्या पोरीचे टाके ओले असताना उठून यावं!

मग मुलीला पुन्हा दिवस गेले. या वेळी डॉक्टरांनी तिला शेवटी शेवटी अंथरुणातून उठायला मनाई केली. तिने बापाला फोन केला आणि स्वच्छ सांगितलं, "आईला म्हणावं, राहायला ये. नुसतं तोंड दाखवायला येणार असलीस तर आता नाही, पुढेही नको. मुलं विचारतील तेव्हा सांगेन, आजी कामात असते."

मिस्त्रींनी हा निरोप तिला सांगितला तेव्हा मी तिथेच होते. तिच्या हातातला ब्रश थांबला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बरण्यांकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. मग म्हणाली, "जाते."

टायरवाल्याने हातातलं चाक सोडलं. ते घरंगळत जाऊन गटाराच्या जाळीवर आपटलं.

जाण्याआधी तिने मिस्त्रींकडून एक वचन घेतलं. ती परत येईपर्यंत रंगाचं काम घ्यायचं नाही. शिवण घ्या, फोम घ्या, साफसफाई घ्या, क्रीम लावून द्या, रंग नाही. कारण काय, तर हवेत ओल आहे, रंग धरणार नाही. हे तिने त्यांना सांगितलं, मला सांगितलं, टायरवाल्याला सांगितलं आणि निघताना पिशवी खाली ठेवून पुन्हा एकदा त्यांना सांगितलं.

"अगं, मी धंद्यात नवा आहे का?" मिस्त्री म्हणाले. "जा आता. गाडी सुटेल."

ती गेली. आठ-दहा दिवस मिस्त्री दिलेल्या शब्दाला जागले. मग दातांचा डॉक्टर आला.

या डॉक्टरने त्यांची एक दाढ अशी काढली होती की मिस्त्रींना ती काढल्याचं त्याने हातात ठेवल्यावर कळलं. त्या दिवसापासून ते त्याच्या शब्दाबाहेर नसत. डॉक्टरकडे वडिलांची जुनी गाडी होती, आतल्या सीटा तांबूस तपकिरी, पिकल्या चिंचेच्या चिंचोक्यासारख्या. जागोजाग रंग उडालेला. वडिलांचा मोठा वाढदिवस आलेला, आणि म्हाताऱ्याला त्याच गाडीतून फिरवून आणायचं डॉक्टरच्या मनात होतं.

"हवेत ओल आहे," मिस्त्री म्हणाले.

"कुठे आहे? आठवडाभर नळाला पाणी नाही, लोक ओल शोधतायत," डॉक्टर म्हणाला.

मिस्त्री भिडेला बळी पडले. सीटा उतरवल्या, दुरुस्त केल्या, रंग कालवला, आणि नियमाप्रमाणे डबा झाकून चहाला गेले. परत आले. डबा उघडला. रंग लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले. चारही सीटा स्टँडवर मांडलेल्या, मिस्त्री शेवटच्या सीटेवर स्पंजने दुसरा हात मारत होते आणि काहीतरी गुणगुणत होते. शिवण इतकी रेखीव, पृष्ठभाग इतका तुळतुळीत, की मला मनापासून कौतुक वाटलं.

"वा मिस्त्री! ही दुसरी कुठली गाडी? हिरवा मात्र सुरेख जमलाय."

ते मागे न बघताच म्हणाले, "कुठला हिरवा?"

"हाच की. तुम्ही लावताय तो."

आता ते वळले आणि हसले. "बाई, तुमच्याबरोबर तुमचे डोळेही निवृत्त झाले वाटतं! अहो ही डॉक्टरचीच गाडी. तपकिरी आहे."

मला वाटलं, थट्टा करतायत. मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्या हसण्याला हसतायत आणि मी त्यांच्या. आम्ही दोघंही थांबलो. मी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. सीटा हिरव्याच होत्या, शेवाळलेल्या हौदासारख्या हिरव्या.  खरं सांगते, पहिल्यांदा मी स्वतःलाच घाबरले. या वयात माणसाच्या मेंदूत काय काय होतं हे मी ऐकून होते. मी दारात जाऊन बाहेरच्या झाडाकडे पाहिलं, पोस्टाच्या तांबड्या पेटीकडे पाहिलं. सगळं आपापल्या रंगात होतं.

तेवढ्यात टायरवाला आत डोकावला. "काय मिस्त्री, लष्कराची गाडी कधी आली? रणगाड्याच्या सीटा पण करता का आता?"

मिस्त्रींच्या हातातून स्पंज पडला नाही. तो त्यांनी नीट वाटीत ठेवला. मग त्यांनी कोपऱ्यातली डोक्यामागची एक उशी उचलली. ती अजून रंगवायची राहिली होती, तिच्या मागच्या बाजूला गाडीचा मूळ तांबूस तपकिरी रंग शाबूत होता. ती उशी त्यांनी हिरव्या सीटेला टेकवून धरली, मान तिरकी केली, निरखून पाहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा. सारखाच आहे."



"सारखा आहे ना?" त्यांनी टायरवाल्याला विचारलं.

टायरवाल्याची जीभ गल्लीत सगळ्यात लांब. पण त्या क्षणी त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं न आलेल्या गणितापुढे पोर बाईंकडे बघतं. मी शिक्षिका. खोटं उत्तर बरोबर म्हणायची मला सवय नाही. मी म्हटलं, "नाही, मिस्त्री. ही तपकिरी आहे. ती हिरवी."

त्यांचा चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. घाबरलेला नव्हता, चिडलेलाही नव्हता. बोलत असताना आवाज बंद पडावा आणि ओठ हलत राहावेत, तसा होता. त्यांनी जुन्या कामांच्या तुकड्यांची पेटी ओढली. एकेक तुकडा काढून माझ्यापुढे धरू लागले. "हा?" मी म्हणाले, डाळिंबी लाल. "हा?" गर्द हिरवा. "हे दोन सारखे नाहीत?" नाहीत हो मिस्त्री, जरासुद्धा नाहीत. जन्मापासून त्यांना तांबड्या-हिरव्यातला फरक दिसत नव्हता. त्यांना तो दिसत नाही हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि जे दिसतच नाही ते दिसत नाही हे माणसाला कळावं तरी कसं? ते गाडी चालवत नसत. कपडे ती काढून ठेवी.

"पण मग," ते हळू म्हणाले, "इतकी वर्षं बरोबर कसा यायचा?"

मला भर उन्हातली ती आठवली. मान वळवून, डोळे मिटून, तुकड्याला एकदम पकडणारी.  मी तोंड उघडलं आणि मिटलं. पण ते सांगायची वेळच आली नाही. मिस्त्री झाकणाच्या डब्याकडे बघत होते.

"मुरायला ठेवायचो," ते म्हणाले.

आणि ते मागे सरकून मटकन त्या सीटेवर बसले.

"अहो, ओली आहे!" टायरवाला ओरडला.

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "कुठला रंग लागला तेवढं मात्र सांगू नका."

टायरवाल्याने खिशातून फोन काढला. "काकूंना बोलावून घेऊ. उद्या सकाळपर्यंत येतील. डॉक्टरला कळायच्या आत—"

"खबरदार!" मिस्त्रींचा तो जुना आवाज एकदम परत आला आणि बरण्या थरथरल्या. मग तो विझला. "पहिल्या वेळी ती पोरीकडे राहिली नाही. बरोबर? मला वाटलं, माझ्यावाचून करमत नाही. चारचौघांत छाती फुगवून सांगत होतो मी. आणि ती..." त्यांनी बरण्यांकडे हात केला. "ती ह्याला राखण बसली होती. माझी अब्रू राखत. पोरीच्या शिव्या खाऊन."

मी स्टूल ओढून बसले.  मी तिच्यावर रागावले होते ते सगळं डोक्यात उलटंपालटं होत होतं.

डॉक्टर दुपारी आला. जन्मभर दुसऱ्यांना आ करायला लावणारा माणूस, दारात उभा राहून त्याने स्वतःच आ केला. मिस्त्री उठून उभे राहिले. त्यांच्या पँटीचा मागचा भाग हिरवागार होता.

"डॉक्टर, मला रंग दिसत नाहीत," त्यांनी सरळ सांगितलं. "आज सकाळीच कळलं. रंग माझी बायको करत होती, हेही आजच कळलं. ती पोरीकडे गेलीय आणि मी तिला बोलावणार नाही. तुमच्या वडलांचा वाढदिवस चुकेल."

 डॉक्टरने टायरवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे पडले-बिडले होते का डोक्यावर?" खात्री पटल्यावर तो चरफडला, पाय आपटले, आणि शेवटी म्हणाला, "बाबांना बसने नेतो. त्यांना तशीही माझं ड्रायव्हिंग आवडत नाही."

संध्याकाळी तिचा फोन आला. मुलगी बाळंत झाली होती. नात झाली होती. मिस्त्रींना फोन कानाला लावून ऐकण्यापेक्षा तो बाकावर ठेवून मोठ्याने ऐकायची सवय, त्यामुळे मला आणि टायरवाल्याला सगळं ऐकू आलं. वजन किती, नाक कुणासारखं, दोघी कशा आहेत. तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेला मोकळेपणा होता. मग ती म्हणाली, "रंगाचं काम घेतलं नाहीत ना?"

मिस्त्री बाकावरचा स्पंज उचलून पिळू लागले.

"अहो?"

"घेतलं."

 "कुठला रंग?"

"ते तू सांग. आता मला काय विचारतेस?" मग जरा थांबून, "टायरवाला म्हणाला, रणगाडा."

 लांब कुठेतरी नवजात बाळ रडत होतं. मग तिचा आवाज, अगदी पूर्वीचा, दबका: "मी सकाळच्या गाडीने निघते."

"आलीस तर दार उघडणार नाही."

"अहो, ऐकून तरी घ्या. मी तुम्हाला कमी लेखायला—"

"दार उघडणार नाही म्हणतो ना! रस्त्यावर बस टायरवाल्याच्या ढिगावर!" त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि आवाज चढत होता. मला वाटलं, आता हे तीस वर्षांचा संसार फोनवर मोडून टाकतात. मी उठून फोन बंद करणार, तेवढ्यात पलीकडे झटापट झाली आणि मुलीचा थकलेला, चिडलेला आवाज आला.

"बाबा, काय चाललंय? आई का रडतेय? पुन्हा बोलावताय ना तिला? न्या! नेहमीसारखी घेऊन जा!"

"बोलावत नाही, पोरी. ठेवून घे तिला," मिस्त्री म्हणाले. "एकच ऐक. मागच्या वेळी ती राहिली नाही, ती माझ्या डोळ्यांपायी. मला तांबडं-हिरवं कळत नाही. ती कुणाला न सांगता माझे रंग नीट करत होती. ती चार दिवस नसती, तर माझं हसं झालं असतं. झालंच आज. तू इतकी वर्षं तिच्यावर डूख धरलास. तो माझ्या नावावर घाल."

 मुलगी फोनपासून तोंड वळवून विचारताना ऐकू आलं, "आई? खरं?" आणि त्यानंतर जे ऐकू आलं ते आमच्यासाठी नव्हतं, म्हणून मी फोन बंद केला. टायरवाला दाराबाहेर जाऊन एका चांगल्या टायरला उगाच लाथा मारत होता.

ती पूर्ण दोन महिने राहून आली. दार उघडंच होतं.

डॉक्टरच्या सीटांवरचा हिरवा तिने स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढला. मग पहिल्यांदाच तिने आमच्या सगळ्यांच्या देखत रंग कालवला. लाल घेतला, पिवळा, काठीच्या टोकावर बसेल एवढा काळा. तुकड्यावर बोटाने थेंब पसरला, ड्रायरच्या गरम हवेने वाळवला, आणि उन्हात जाऊन मान वळवली. मी या वेळी खिडकीत नव्हते, तिच्या शेजारी होते.

"एकसारखं बघत राहिलं की डोळा लाडावतो बाई," ती म्हणाली. "चूकसुद्धा बरोबर वाटायला लागते. म्हणून त्याला मधेच फसवायचं."

मी विचारलं, "पहिल्यांदा कधी कळलं गं तुला?"

"दुकान काढल्यावर पहिलीच गाडी. आधी ते मोठ्या कारखान्यात नुसती शिवण करायचे, रंगाला माणूस वेगळा. इथे स्वतः कालवला, आणि झाला नुसता चिखल. पण चेहरा असा फुललेला, बाई! आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काही केलं होतं माणसाने. म्हटलं, चहा पिऊन या, मग सांगते. ते गेले तेवढ्यात मी नीट केला. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मग ते उद्याचं राहूनच गेलं."

तिने डबा आत आणला आणि सरळ स्पंज बुडवला. मिस्त्री इतका वेळ हात मागे बांधून भिंतीशी उभे होते. ते पुढे झाले.

"अगं, थांब! झाक आधी. मुरायचा आहे अजून."

ती थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्पंजाकडे बघत म्हणाली, "मुरायचं वगैरे काही नसतं हो. तुम्ही बाहेर जावं म्हणून मी काढलेलं होतं ते."

मला वाटलं होतं, माझे धक्के खाऊन संपले. पण मिस्त्रींचं तोंड बघून मीही हादरले. रंग दिसत नाही हे त्यांनी पचवलं होतं. पण आपला नियम, गल्लीभर शिकवलेला, ज्याच्यावर तरणीताठी माणसं चहाला जाऊन बसत होती, तो नियमसुद्धा तिने रचलेला? ते चपला घालून बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. तोवर तिने चारही सीटा रंगवून काढल्या.

त्यानंतर किती तरी दिवस ते तिच्याशी मोजकंच बोलत. सुई दे, कात्री दे. तिने समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. एकदा मात्र माझ्यासमोर ते भडकले. "तीस वर्षं मला वेड्यात काढलंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत त्या कारखान्यात गेला असता," ती म्हणाली. "तुमची शिवण दुसऱ्याच्या नावावर गेली असती."

"मग तुझा रंग नाही गेला माझ्या नावावर?"

  मिस्त्री स्वतःच्याच प्रश्नाने गार झाल्यासारखे उभे राहिले. मग स्टँडकडे वळून सुईत दोरा ओवू लागले. तो ओवला जाईना. ती उठून जवळ गेली नाही. त्यांनी तो स्वतःच, पुष्कळ खटपटीने, ओवला.

दुसऱ्या दिवशी एक बाई जुन्या गाडीचं काम घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे मिस्त्रींना रंगाचं विचारू लागल्या. ते म्हणाले, "रंगाचं तिला विचारा. मला विचाराल तर रणगाडा मिळेल." त्या बाई हसल्या. ती हसली नाही. तिने खडू कानामागे खोचला आणि उशीची मागची बाजू बघायला मागितली.

गल्लीतले ते दोघं रंगवणारे अजून डबा झाकून चहाला जातात. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

वर्षातून तीन-चारदा ती आता मुलीकडे जाते, आणि राहते. ती नसली की दुकानात शिवण होते, फोम होतो, क्रीम होतं, रंगाचं काम होत नाही. सध्या ती तिकडेच आहे. नातीला कांजिण्या आल्या आहेत, आणि मुलगी म्हणते, पुढच्या महिन्यापर्यंत तरी आईला सोडणार नाही.